देवाला आवडेल असे जगणे

देवाला काय आवडते?

हा प्रश्न सगळ्याच धर्मांच्या माणसांना पडतो. वारकरी हा प्रश्न विचारतो. मुसलमान विचारतो. आम्ही ख्रिस्ती माणसेही विचारतो. या धड्यात आम्ही आमचे उत्तर सांगणार आहोत. कोणाला आमच्या धर्मात ओढावे म्हणून नव्हे. शेजाऱ्याचा धर्म काय सांगतो, हे शेजाऱ्याला माहीत असावे. आणि आमच्या माणसांनीही आपला धर्म स्वतः वाचून समजून घ्यावा. एवढ्यासाठी हा धडा आहे.

आम्ही कोण?

मुंबई शहराच्या उत्तरेला साष्टी नावाचे बेट आहे. आज ते बेट वाटत नाही. खाड्यांवर पूल झाले, भराव पडले. पण वांद्रे, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सगळी साष्टीतलीच ठिकाणे. आज इथे उंच इमारती दिसतात. त्या इमारतींच्या मधे जुनी गावठाणे अजून आहेत. कौलारू घरे, एखादी विहीर, आणि गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस. अशा गावठाणांतली आम्ही माणसे.

आमचे वाडवडील भातशेती करीत. कोणी मासे धरीत, कोणी मिठागरात राबत, कोणी माडी काढीत. १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. त्यांच्याबरोबर पाद्री आले. इथली पुष्कळ घरे ख्रिस्ती झाली. पण घरातली बोली मराठीच राहिली. चर्चला आम्ही आजही 'देऊळ' म्हणतो. पुढे १८८७ साली इथल्या लोकांनी आपल्याला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. नोकरीसाठी गोव्याहून आणि मंगळुराहून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे ओळखू यावे, म्हणून. नंतर घाटकोपर-मुलुंडकडे कारखान्यांच्या कामासाठी केरळातून, नगर जिल्ह्यातून, अशी आणखी ख्रिस्ती माणसे आली. भाषा वेगळ्या, चालीरीती वेगळ्या. पण धर्माची शिकवण एकच.

अंधेरीच्या पूर्वेला कोंडिविटे गावाजवळ एक पडके देऊळ आहे. संत योहान बाप्तिस्त याच्या नावाचे. ते १५७९ साली जेजुइट पाद्रींनी बांधले. १८४० साली गावात मोठी साथ आली. लोक गाव सोडून मरोळला गेले, आणि तिथे दुसरे देऊळ बांधले. जुने देऊळ ओस पडले. १९७३ साली तिथे सीप्झ नावाची कारखान्यांची वसाहत झाली. पडके देऊळ आता तिच्या आवारात आहे.

छप्पर गेले, भिंती उरल्या. पण धर्म बुडाला का? नाही. कारण तो भिंतींत नव्हता. माणसे चालत मरोळला गेली, तशी श्रद्धाही त्यांच्याबरोबर गेली. तेव्हा देवाला आवडेल असे जगणे शोधायचे, तर ते माणसांच्या वागण्यातच शोधायला हवे.

दोन आज्ञा

येशूला एका पंडिताने विचारले, की सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती? येशूने एक नव्हे, दोन सांगितल्या. पहिली ही, की देवावर सगळ्या मनाने, सगळ्या जिवाने प्रेम करावे. दुसरी ही, की स्वतःवर करतो तसेच प्रेम शेजाऱ्यावरही करावे. बाकीचा सगळा धर्म या दोहोंत येतो, असे तो म्हणाला.

मग प्रश्न येतो, शेजारी म्हणजे कोण? यावर येशूने एक गोष्ट सांगितली. एक माणूस वाटेने चालला होता. चोरांनी त्याला लुटले, मारले, आणि अर्धमेला करून टाकून दिले. त्याच्याच धर्माचा एक पुरोहित तिथून गेला. त्याने पाहिले आणि वाट बदलली. देवळात सेवा करणारा दुसरा एक जण आला. तोही तसाच गेला. मग एक शोमरोनी आला. शोमरोनी लोक आणि यहुदी लोक यांचे हाडवैर होते. पण त्यानेच त्या माणसाच्या जखमा बांधल्या. त्याला आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेले. वर खर्चाचे पैसेही दिले. तोच खरा शेजारी ठरला.

पहा, या गोष्टीत देवळातली माणसे चुकली आणि परका माणूस बरोबर वागला. येशूने हे मुद्दाम तसे सांगितले.

शेवटच्या दिवशी देव कोणता न्याय करील, तेही त्याने सांगून ठेवले आहे. तू भुकेल्याला जेवू घातलेस का? तहानलेल्याला पाणी दिलेस का? उघड्याला कपडा, परक्याला आसरा दिलास का? आजाऱ्याला आणि तुरुंगातल्याला भेटलास का? जे त्यांच्यासाठी केले, ते माझ्यासाठीच केले, असे देव म्हणेल. आमच्या वाडवडिलांनी याला आणखी एक जोड दिली. मेलेल्याला मूठमाती द्यावी. अशी ही दयेची सात कामे. पूर्वी वाचता न येणारी आजीसुद्धा ती बोटांवर मोजून नातवंडांना सांगे.

देव लाच घेत नाही

आम्ही रविवारी मिस्साला जातो. संध्याकाळी घरी प्रार्थना करतो. मे महिन्यात गल्लीतल्या क्रुसापाशी जमून जपमाळ म्हणतो. यांतले कित्येक क्रूस १८९६ च्या प्लेगाच्या वेळचे आहेत. गावात मरण थैमान घालत होते. तेव्हा लोकांनी उघड्यावर क्रूस उभारले आणि तिथे जमून देवाची करुणा भाकली.

सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा भरते. तिथे आम्ही मेणबत्त्या नेतो. हिंदू, पारशी, मुसलमान बायाबापड्याही येतात. कोणी मेणाचा हात वाहतो, कोणी मेणाचे घर.

हे सगळे चांगलेच आहे. पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. देव काही दुकानदार नव्हे. इतक्या मेणबत्त्या दिल्या म्हणजे इतके पाप माफ, असा हिशेब तिथे चालत नाही. देव आपल्यावर आधीच प्रेम करतो, असे आमचा धर्म सांगतो. लेकराने चांगले वागावे, ते बापाचे प्रेम विकत घेण्यासाठी नव्हे. प्रेम मिळाले आहे, म्हणून.

एका गरीब विधवेची गोष्ट याच संबंधात आहे. मंदिराच्या पेटीत श्रीमंत लोक मोठमोठ्या रकमा टाकीत होते. तिने दोन छोटी नाणी टाकली. येशू म्हणाला, सगळ्यांत जास्त हिनेच दिले. बाकीच्यांनी उरले त्यातले दिले. हिने होते नव्हते ते दिले.

आधी भावाकडे जा

येशूची एक शिकवण फार अवघड आहे. तुम्ही देवापुढे भेट ठेवायला गेलात. तिथे आठवले, की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे. तर भेट तिथेच ठेवा. आधी भावाकडे जा. त्याच्याशी समेट करा. मग येऊन भेट द्या.

आता हे आमच्या गावठाणात आणून पाहू. समजा, जुजे आणि पास्कू नावाचे दोन सख्खे भाऊ आहेत. बापाची थोडी जमीन होती. ती विकली गेली. थोरल्याने जास्त पैसे घेतले, असे धाकट्याला वाटते. दोघांची घरे एका भिंतीची. पण दहा वर्षे बोलणे नाही. रविवारी दोघेही देवळात येतात. एक उजव्या बाजूला बसतो, दुसरा डाव्या बाजूला. दोघेही गुडघे टेकतात. दोघेही म्हणतात, देवा, आमचे अपराध माफ कर.

अशी प्रार्थना देवाला आवडेल का? आमच्या धर्माचे उत्तर स्पष्ट आहे. आधी भिंतीपलीकडे जा.

आणि त्या दोघांची एक बहीण असते. तिला कोणी विचारतच नाही. लग्न झाले, म्हणजे तिचा हक्क संपला, असे घरात धरून चालतात. एक दिवस तिच्यापुढे कागद येतो. "सही कर गं बाय, नुसती सही," असे भाऊ म्हणतो. तो कागद हक्कसोडीचा असतो.

इथे कायदा काय आहे, तेही माहीत असू द्या. ख्रिस्ती माणसाच्या वारशाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. माणूस मृत्युपत्र न करता वारला, आणि मागे बायको व मुले असली, तर तिसरा हिस्सा बायकोचा. उरलेले दोन हिस्से मुलांचे. त्यात मुलगा आणि मुलगी सारखे. लग्न झालेली मुलगीही त्यात आली.

साष्टीत जमिनीला आज सोन्याचा भाव आहे. त्यामुळे हे भांडण घरोघर आहे. म्हणून आम्ही सांगतो, बहिणीकडून फसवून सही घेणे हे पाप आहे. ते करून देवळाला पंखा दिला, बाक दिले, तरी पाप फिटत नाही. आणि बहिणींनो, आता तुम्हांला वाचता येते. कागद वाचल्याशिवाय सही करू नका. समजला नाही, तर जाणत्या माणसाला दाखवा. हक्क सोडायचा असेल, तर राजीखुशीने सोडा. फसून नको.

घरात कसे वागावे?

काही माणसे देवळात मेंढरू असतात आणि घरात वाघ. देवाचे घर आणि आपले घर यांत त्यांनी भिंत घातलेली असते. देवाला मात्र ती भिंत नाही.

आमच्या लोकांत सणाला, लग्नाला दारू चालते. धर्माने ती साफ मना केलेली नाही. पण दारूने माणसाला धरले, की आधी पगार जातो, मग भांडी जातात, मग बायकोच्या अंगावर हात पडतो. मुले कोपऱ्यात बसून हे बघतात. ज्या हाताने क्रुसाची खूण करायची, तोच हात बायकोवर उगारायचा? हे देवाला कसे आवडेल?

दारूचे व्यसन हा आजार आहे. नुसती शपथ घेऊन तो पुष्कळदा जात नाही. मदत घ्यावी लागते. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' नावाची मंडळी मुंबईत ठिकठिकाणी जमतात. स्वतः दारू सोडलेली माणसे तिथे एकमेकांना धीर देतात. फी नाही. नाव बाहेर जात नाही. कोणत्याही धर्माचा माणूस जाऊ शकतो. तिथे जाण्यात लाज नाही.

दुसरा रोग म्हणजे ऋण काढून सण. आमच्याकडे लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचे पाणी आणतात. चाल सुंदर आहे, ती टिकावी. पण त्यावर बँड, त्यावर मांडव, त्यावर शेकडो पाने, आणि सगळे व्याजाच्या पैशाने! लग्न दोन दिवसांचे, कर्ज दहा वर्षांचे. पहिल्या चमत्काराच्या वेळी येशू काना गावच्या लग्नालाच गेला होता. तेव्हा लग्नाचा आनंद देवाला आवडतो, यात शंका नाही. पण त्या आनंदापायी पोराची शाळा बंद पडू नये.

कर्जातून माणसाला सोडवणे हेही देवाचे काम आहे. १९१८ साली बोरिवलीच्या पलीकडे, वसईच्या पापडी गावी, मोनीस नावाच्या धर्मगुरूंनी पुढाकार घेतला. त्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन एक सहकारी पतपेढी काढली. गरजेच्या वेळी शेतकऱ्याने सावकाराचे दार धरू नये, आपल्याच पेढीतून रास्त व्याजाने पैसे घ्यावेत, असा हा मार्ग. तीच पेढी आज बेसिन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून चालते. प्रार्थना सांगणाऱ्या माणसाने हिशेबाच्या वह्याही मांडल्या. दोन्ही कामे एकाच देवाची.

कामात कसे वागावे?

वसईचे एक संत आहेत, गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेल्या माणसांतून संतपद मिळालेले ते पहिले. सोळाव्या शतकात ते जपानला गेले. तिथे त्यांनी व्यापार केला. पुढे व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाले. त्यांना जपानी भाषा चांगली येत होती. म्हणून ते दुभाषाचे काम करीत. ५ फेब्रुवारी १५९७ या दिवशी नागासाकी गावात त्यांना आणखी २५ जणांबरोबर क्रुसावर मारले. १८६२ साली रोमच्या पोपनी त्यांना संत म्हणून जाहीर केले.

ते मोठे पाद्री नव्हते. व्यापारी आणि दुभाषा, अशी त्यांची कामे. दोन्ही कामांत खोटे बोलायला भरपूर जागा असते. व्यापाऱ्याला काटा मारता येतो. दुभाषाला एकाचे बोलणे दुसऱ्याला वेगळेच सांगता येते. म्हणजे देवाला आवडायचे, तर साधे काम सरळपणे करणे हीच पहिली पायरी.

आपली कामे पहा. कोणी रिक्षा चालवतो. कोणी मासे विकते. कोणी कचेरीत शिपाई आहे. कोणी लोकांच्या घरी धुणेभांडी करते. रिक्षाचा मीटर बरोबर आहे का? माशांच्या पाटीत खाली शिळे आणि वर ताजे, असे तर नाही? घरकाम करणाऱ्या बाईचा पगार आपण वेळेवर देतो का? रविवारचे प्रवचन खरे की नाही, ते सोमवारी बाजारात कळते.

जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट बायबलात आहे. त्याने लोकांना पिळून पैसा केला होता. येशू त्याच्या घरी जेवायला गेला, तेव्हा त्याचे मन पालटले. तो नुसता रडला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, म्हणाला. ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देतो, म्हणाला. मन पालटले हे ओळखायचे कसे? लुबाडलेले पैसे परत गेले, की ओळखावे.

अंधेरीची एक गोष्ट

दयेची सात कामे पुस्तकात राहू नयेत. ती करून दाखवणारी माणसे आमच्या अंधेरीत झाली.

अ‍ॅना ह्युबर्टा रोगेनडॉर्फ नावाच्या एक धर्मभगिनी होत्या. जन्म १९०९ साली जर्मनीत. त्या भारतात आल्या आणि अंधेरीच्या सेंट कॅथरिन्स होममध्ये काम करू लागल्या. तिथे अनाथ आणि टाकून दिलेली मुले येत. ज्यांना घराने आणि गावाने हाकलले, अशा मुली येत. 'तू कोणाची? तुझा बाप कोण?' हा प्रश्न समाज विचारतो. तिथे आधी दूध आणि पांघरूण मिळे.

हे काम वाढत गेले. १९४२ साली मदर अ‍ॅना ह्युबर्टा यांनी 'हेल्पर्स ऑफ मेरी', म्हणजे मरियेच्या मदतनीस, असा भगिनींचा एक नवा संघ सुरू केला. याच भगिनींनी पुढे वेसाव्याला कुष्ठरोग्यांच्या सेवेचे केंद्र चालवले. ज्या रोग्याच्या जवळ सख्खे नातेवाईक येत नसत, त्याच्या जखमा त्या धूत. मदर १९७३ साली वारल्या. काम चालूच राहिले.

या कामाची हकीगत जर्मनीत पोचली. बॉन शहरात रोझी गोलमान नावाच्या शिक्षिका होत्या. त्यांनी अंधेरीच्या मुलांसाठी मदत गोळा करायला सुरुवात केली. १९६७ साली तिथे रीतसर संस्था झाली. तिचे नाव ठेवले 'अंधेरी मदत'. आपल्या लोकलच्या स्टेशनाचे नाव असे परदेशात दयेच्या कामाला लागले.

१९६२ साली 'स्नेहसदन' हे आणखी एक काम मुंबईत सुरू झाले. तेही एका जेजुइट फादरांनी काढले. रेल्वे स्टेशनांवर आणि फुटपाथवर राहणारी पोरे असतात. त्यांना मोठ्या कोठडीवजा वसतिगृहात न ठेवता लहान लहान घरांतून ठेवायचे, आणि घरात आईबापासारखी माणसे द्यायची, अशी त्याची रीत.

तुम्ही म्हणाल, आम्ही गरीब माणसे. आम्ही अशा संस्था कशा काढणार? काढायला नकोत. शेजारच्या खोलीत एकटी म्हातारी आहे. तिला एक भाकरी आणि दोन शब्द द्यायला संस्था लागत नाही.

शेजाऱ्याचा देव

बोरिवलीला मंडपेश्वराची लेणी आहेत. फार पूर्वी शिवभक्तांनी ती डोंगरात खोदली. आत नाचणाऱ्या शिवाची मूर्ती आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्रींनी ती गुहा घेऊन तिचे चर्च केले. वरच्या अंगाला देऊळ आणि मठ बांधला. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी जिंकली, आणि ते दिवस संपले. आज वरचे बांधकाम पडीक आहे. खाली शिवाचे दर्शन घ्यायला लोक येतात. जवळच आमचे चालते देऊळ आहे.

दुसऱ्याचे देवस्थान घेणे देवाला आवडले असेल का? आम्हांला तसे वाटत नाही. ज्या धर्मात शेजाऱ्यावर प्रेम ही मोठी आज्ञा, त्या धर्माच्या माणसांनी हे करायला नको होते. आपल्याच माणसांचे चुकले, तर चुकले म्हणावे. त्याने धर्म लहान होत नाही.

आज एकाच चाळीत गणपती बसतो आणि नाताळचा गोठाही बसतो. इकडून मोदक तिकडे जातात, तिकडून करंज्या आणि केक इकडे येतात. हे टिकवणे आपल्या हातात आहे. कोणी येऊन एकमेकांविरुद्ध कान भरले, तर शोमरोन्याची गोष्ट आठवा.

चुकलो तर?

माणूस आहे, चुकणारच. मग काय करायचे?

आमच्यात कुमसाराची रीत आहे. फादरांपुढे एकांतात पाप कबूल करायचे. पण नुसते सांगून भागत नाही. मनापासून वाईट वाटले पाहिजे. पुन्हा करणार नाही, असा निश्चय पाहिजे. आणि नुकसान केले असेल, तर ते भरून दिले पाहिजे. चोरलेली वस्तू घरात ठेवून कुमसार करणे म्हणजे देवाला फसवणे. तसेच, ज्याचे मन दुखवले, त्याच्याकडे जाऊन "माझं चुकलं" म्हणणे. हे दोन शब्द देवापुढे म्हणणे सोपे. बायकोपुढे, भावापुढे, सुनेपुढे म्हणणे कठीण. म्हणून तिथेच म्हणावेत.

आणि समोरचा असे म्हणाला, तर त्याला उंबऱ्याबाहेर उभा ठेवू नका. आपल्याला माफी हवी, तर आपणही दिली पाहिजे.

वाचता येते, म्हणून वाचा

पंडिता रमाबाईंचे नाव तुम्ही ऐकले असेल. जन्म १८५८, मृत्यू १९२२. त्या मोठ्या विदुषी होत्या. १८८३ साली त्या ख्रिस्ती झाल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांनी 'मुक्ती' हे आश्रयस्थान उभारले. दुष्काळात भुकेने मरणाऱ्या शेकडो बायका-मुलींना तिथे आणले. त्यांना जेवण दिले, अक्षर दिले, हाताला काम दिले. आयुष्याची शेवटची बरीच वर्षे त्यांनी एका कामाला दिली. साध्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत त्यांनी सगळे बायबल आणले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या.

इतके कष्ट कशासाठी? कोणी तिसऱ्याने सांगावे आणि आपण मान डोलवावी, असे होऊ नये म्हणून. प्रत्येकाने स्वतः वाचावे म्हणून.

कवी ना. वा. टिळक यांची पत्नी लक्ष्मीबाई यांना नवऱ्याने घरीच लिहा-वाचायला शिकवले. त्याच बाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिले. ते आज मराठीतल्या उत्तम पुस्तकांत गणले जाते. तेव्हा वयाने मोठे झाल्यावर शिकलो, म्हणून कमी समजू नका.

रात्री विचारायचे प्रश्न

ऑक्टोबरात पहिल्या रविवारी आम्ही आगेरा करतो. नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेतो, आणि त्यांना आशीर्वाद मिळतो. बहुतेक शेते आता गेली. तरी लोंब्या आणून आम्ही सण करतोच. पहिले पीक देवाचे, हे विसरू नये म्हणून. शेत नसले, तरी रोजचा दिवस हेच आपले पीक. रात्री दिवा मालवण्याआधी ते देवापुढे ठेवावे आणि मनाला विचारावे:

आज मी कोणाला फसवले का?
घरात कोणावर हात किंवा तोंड टाकले का?
कोणाचे पैसे, पगार किंवा हिस्सा माझ्याकडे अडकला आहे का?
कोणाशी मी बोलणे टाकले आहे?
कोणा गरजवंताला पाहून मी वाट बदलली का?

उत्तर वाईट आले, तर देवाची क्षमा मागा आणि झोपा. पण सकाळ झाली, की आधी त्या माणसाच्या दारी जा.